एक भागाकार, एक गुणाकार : विजेच्या हिशेबाची शंभर वर्षे

गणपती ही आपल्याकडे विद्येची देवता. संस्कृतात ‘गण्’ या धातूचा अर्थच मोजणे असा आहे. म्हणून बाप्पाच्या स्मरणिकेत मोजण्याच्या एका गोष्टीला जागा मिळावी, यात वावगे काही नाही. आपल्या संस्थानी वडोदऱ्यात गणेशोत्सवाचा मंडप एके काळी पेट्रोमॅक्सच्या बत्त्यांनी उजळत असे. मग साधे बल्ब आले, रंगीत बल्बांच्या सिरीज आल्या, ट्यूबलाइट आल्या, झगझगीत हॅलोजन आले आणि आता एलईडीच्या माळा आल्या. आरास दर वर्षी बदलते, पण दर वर्षी मंडपात एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘या लाइनवर अजून किती लोड चालेल?’ त्याचे उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने दिले जाते. खरे तर ते एका भागाकाराने आणि एका गुणाकाराने मिळते. आपली मुले तो भागाकार दहावीत शिकतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात.

या दोन ओळींच्या हिशेबामागे मात्र शंभर वर्षांची कहाणी आहे. तीत अंगावर झटके घेऊन मोजमाप करणारा एक श्रीमंत एकांतप्रिय माणूस आहे, कुलपे बनवणाऱ्याचा मुलगा आहे, बिअरच्या कारखान्यात वाढलेला एक तरुण आहे. ती कहाणी आज आपल्यासमोर ठेवतो आहोत. ती केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची नाही. मंडपाच्या सुरक्षिततेशी तिचे थेट नाते आहे, आणि ते नाते काय हे शेवटी सांगू.

हिशेब तरी काय?

आधी हिशेब सांगून टाकू, म्हणजे इतिहास समजायला सोपा जाईल. वीज तारेतून ढकलणारा जो जोर असतो तो विद्युतदाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून दर सेकंदाला किती वीज वाहते तो प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. दाबाला प्रवाहाने भागले की त्या वस्तूचा रोध मिळतो, ओहममध्ये. दाबाला प्रवाहाने गुणले की ती वस्तू किती शक्ती घेते ते कळते, वॅटमध्ये. रोधाला मराठी पुस्तकांत ‘रोध’ म्हणतात, हिंदीत ‘प्रतिरोध’ आणि आपल्या मुलांच्या गुजराती पुस्तकांत ‘अवरोध’. शब्द तीन असले तरी अर्थ एकच : अडवणूक.

घरातल्या गिझरचे उदाहरण घेऊ. दाब २३० व्होल्ट आहे आणि गिझरमधून ८.७ अँपिअर प्रवाह जातो आहे. २३० भागिले ८.७ म्हणजे रोध सुमारे २६.४ ओहम. २३० गुणिले ८.७ म्हणजे शक्ती सुमारे २००० वॅट. आता संध्याकाळी साऱ्या गल्लीत दिवे लागले आणि दाब उतरून २०० व्होल्ट झाला, तर काय होईल? गिझरची तार तीच, म्हणून रोधही तोच. प्रवाह २०० भागिले २६.४ म्हणजे ७.६ अँपिअरवर येईल आणि शक्ती राहील सुमारे १५०० वॅट. दाब आठव्या हिश्शाने उतरला, पण शक्ती चवथ्या हिश्शाने घटली. ‘पाणी आज तापत का नाही’ याचे उत्तर या आकड्यांत आहे. दाब कमी झाला की प्रवाहही कमी होतो, आणि शक्ती या दोघांच्या गुणाकाराने ठरते. म्हणून तिला दुहेरी फटका बसतो.

शाळेत हे इतके सरळ वाटते, की कोणी तरी हे शोधून काढावे लागले असेल अशी शंकाही येत नाही. पण १८२०च्या सुमारास युरोपातल्या नामवंत पंडितांनाही दाब, प्रवाह आणि रोध या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे एकमेकांशी पक्के नाते आहे, हे नीट उमगलेले नव्हते.

अंगावर घेतलेले झटके

कहाणीची सुरुवात लंडनमध्ये होते. हेन्री कॅव्हेंडिश हे तिथले अतिशय धनाढ्य आणि तितकेच अबोल शास्त्रज्ञ. त्यांच्या काळी प्रवाह मोजण्याचे साधनच नव्हते. मग त्यांनी स्वतःच्या शरीराचे साधन केले. काचेच्या बरण्यांमध्ये वीज साठवायची, ती मिठाच्या पाण्याने भरलेल्या नळ्यांतून स्वतःच्या अंगात सोडायची आणि झटका किती जोराचा बसला याची तुलना करायची. दोन नळ्यांतून सारखाच झटका बसला, तर दोघींची अडवणूक सारखी. अशा झटक्यांवरून १७८१च्या सुमारास ते जवळजवळ त्याच नियमापर्यंत पोचले होते, जो पुढे ओहमच्या नावाने ओळखला गेला.

पण कॅव्हेंडिश यांनी हे छापले नाही. कागद कपाटात राहिले. ते १८१० मध्ये वारले. त्यांच्या विजेवरच्या वह्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी तपासून, स्वतः ते प्रयोग पुन्हा करून, १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या. म्हणजे नियम सापडल्यानंतर तो जगाला कळायला जवळजवळ शंभर वर्षे गेली. तोवर दुसऱ्या एका माणसाने तो पुन्हा, स्वतंत्रपणे आणि फार कष्टाने शोधला होता. मनात किंवा कपाटात राहिलेली विद्या जगाच्या उपयोगी पडत नाही, हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

कुलूपवाल्याचा मुलगा

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. शाळेचे शिक्षण फारसे नव्हते, पण स्वतःच्या हिमतीवर ते गणित शिकले होते आणि आपल्या मुलांना त्यांनीच ते शिकवले. जॉर्जचा धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला खरा, पण नाच, बर्फावरची घसरगुंडी आणि बिलियर्ड यांत त्याचा वेळ जातो असे दिसताच वडिलांनी त्याला तिथून काढले. मग तो स्वित्झर्लंडमध्ये शाळामास्तर झाला. पुढे गावी परत येऊन १८११ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. घरोघरी दिसणारीच ही गोष्ट आहे : मुलगा हुशार, बाप कडक, आणि दोघांचेही शेवटी बरोबरच ठरले.

१८१७ मध्ये ओहम कोलोन शहरातल्या एका जुन्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. त्या वेळी विजेच्या जगात धामधूम चालू होती. इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिली बॅटरी बनवली होती. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवले, आणि प्रवाह मोजण्याचा मार्ग प्रथमच खुला झाला. सुई किती हलली, तितका प्रवाह. आता अंगावर झटके घेण्याची गरज उरली नव्हती.

ओहम यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला. तार लांब केली की प्रवाह कमी होतो, पण नेमका किती? १८२५ मध्ये त्यांनी पहिला निबंध छापला आणि त्यातले सूत्र चुकीचे निघाले. कारण त्यांच्या हातात नव्हते. त्या काळच्या बॅटऱ्या लहरी होत्या. जोडल्याबरोबर जोरात चालायच्या आणि काही क्षणांत मंदावायच्या. मापायची काठीच आखूड-लांब होत असेल, तर कापडाची लांबी कशी कळणार?

इथे एका संपादकाचा सल्ला कामी आला. बर्लिनचे पोगेनडॉर्फ हे विज्ञानाच्या नियतकालिकाचे संपादक होते. त्यांनी सुचवले, बॅटरी सोडा आणि सीबेक यांनी १८२१ मध्ये शोधलेली उष्णतेची जोडणी वापरा. बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंचे सांधे करायचे, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि दुसरा बर्फात. तापमानाच्या फरकामुळे तारेत वीज वाहते. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळतो आहे तोवर हा फरक बदलत नाही, म्हणून दाबही बदलत नाही. स्थिर दाब हाती आला.

आठ तारा

जानेवारी १८२६ मध्ये ओहम यांनी प्रयोग केला तो असा. सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांच्या लांब्या २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एकेक तार जोडायची, तिच्यावर टांगलेली चुंबकाची सुई ढळली की टांगणीला पीळ देऊन ती मूळ जागी आणायची, आणि किती पीळ द्यावा लागला ते टिपायचे. जितका पीळ, तितका प्रवाह. असे नाजूक उपकरण त्या काळी हाताने घडवावे लागे. कारागिराच्या घरात वाढल्याचा इथे उपयोग झाला.

सर्वांत आखूड तारेला ३२६¾ इतका पीळ लागला, सर्वांत लांब तारेला फक्त ४८½. या आकड्यांवर ओहम यांनी एक सूत्र बसवले. तारेच्या लांबीत २०¼ मिळवा आणि त्या बेरजेने ७२८५ला भागा. वाचकांनी स्वतः करून पाहावे. २ इंचाच्या तारेसाठी ७२८५ भागिले २२¼ म्हणजे सुमारे ३२७. १३० इंचाच्या तारेसाठी ७२८५ भागिले १५०¼ म्हणजे ४८½. उकळते पाणी, बर्फ आणि टांगलेली सुई यांच्या साहाय्याने घेतलेली ही मापे दोनशे वर्षांनंतरही कागदावर जुळतात.

या आकड्यांचा अर्थ काय? ७२८५ हा उगमाचा जोर, म्हणजे आजच्या भाषेत दाब. तारेची लांबी म्हणजे तारेचा रोध. आणि २०¼ म्हणजे उगमाच्या आतला आणि बाकीच्या जोडणीचा रोध. प्रवाह म्हणजे दाब भागिले एकूण रोध. ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तो सुटला की काय होते याचे उदाहरण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये घडले होते. पीटर बार्लो यांनी तारेतून तारायंत्राचा संदेश पाठवता येईल का, हे तपासले. दोनशे फुटांतच प्रवाह इतका उतरलेला दिसला, की तारायंत्र व्यवहारात शक्य नाही असे मत त्यांनी १८२५ मध्ये देऊन टाकले. तारेचा रोध मोठा असेल तर उगमाचा दाबही त्या प्रमाणात वाढवावा लागतो, ही गोष्ट त्या हिशेबात नव्हती. पुढे चार्ल्स व्हीटस्टन यांनी ओहमचा नियम इंग्लंडमध्ये रुजवला आणि शेकडो मैलांच्या तारा बोलू लागल्या. एक भागाकार माहीत असणे आणि नसणे यात किती अंतर पडते ते इथे दिसते.

चौदा वर्षांची वाट

१८२७ मध्ये ओहम यांचे विद्युतमंडलाचे गणिती विवेचन करणारे पुस्तक बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाले. ते लिहिण्यासाठी त्यांनी शाळेतून अर्ध्या पगाराची रजा घेतली होती. या पुस्तकामुळे विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांची आशा होती. झाले उलटेच. त्या काळच्या जर्मनीत अनेक विद्वानांना निसर्गाचे रहस्य चिंतनाने उलगडते असे वाटत असे. गणिताच्या समीकरणात निसर्ग बसवणे त्यांना रुचले नाही. पुस्तकावर कठोर टीका झाली. ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये मिळेल ते शिकवण्याचे काम करत काढली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत त्यांना जागा मिळाली.

दाद आली ती परदेशातून. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना आपले मानाचे कॉप्ली पदक दिले. पुस्तकाला तेव्हा चौदा वर्षे झाली होती. म्युनिकच्या विद्यापीठात प्राध्यापकाची खुर्ची मिळाली ती १८५२ मध्ये, आणि ६ जुलै १८५४ रोजी ओहम वारले. आयुष्यभर हवी असलेली जागा त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभली. ज्यांनी टीका केली त्यांची नावे आज फक्त ओहमच्या चरित्रात येतात. आठ तारांची मापे मात्र कोणालाही खोडता आली नाहीत. एखाद्याचे म्हणणे पटो न पटो, त्याने घेतलेले माप आपणही घेऊन पाहू शकतो, हे विज्ञानाचे मोठे बळ आहे.

पाण्याच्या बरणीतली तार

भागाकार झाला. आता गुणाकार. त्याची गोष्ट इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळ सॅल्फर्डला घडली. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म १८१८ चा. घरचा बिअरचा मोठा कारखाना. विजेवर चालणारी मोटर नवी नवी होती, आणि कारखान्यातले वाफेचे इंजिन काढून ती बसवली तर परवडेल का, हा या तरुणाला पडलेला प्रश्न अगदी व्यापाऱ्याचा होता. परवडते की नाही ते पाहायचे तर मोजायला हवे. बॅटरीत झिजणारे जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग पडते असे मोजणीत निघाले आणि मोटरचा बेत मागे पडला. पण मोजता मोजता हाती आले ते मोटरपेक्षा मोलाचे होते.

ज्यूल यांनी तारेचे वेटोळे पाण्याच्या बरणीत बुडवले, त्यातून वीज सोडली आणि पाणी किती तापते ते बारीक तापमापकाने पाहिले. रोध दुप्पट केला तर उष्णता दुप्पट. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट झाली. प्रवाह तिप्पट केला तर नऊपट. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असा हा नियम. १८४० मध्ये त्यांनी तो रॉयल सोसायटीकडे पाठवला तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. सोसायटीने फक्त सारांश छापला, संपूर्ण निबंध पुढच्या वर्षी दुसरीकडे प्रसिद्ध झाला. रशियात लेंझ यांनीही स्वतंत्रपणे हेच शोधले, म्हणून कित्येक पुस्तकांत या नियमाला दोघांचे नाव असते.

ओहमचा भागाकार आणि ज्यूलचा वर्ग एकत्र केले की आपला गुणाकार तयार होतो. शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. रोध गुणिले प्रवाह म्हणजे दाब. म्हणून शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. शाळेत ही तीन सूत्रे वेगवेगळी पाठ करावी लागतात, पण ती एकाच घरातली भावंडे आहेत.

पॅरिसमधले बारसे

नियम सापडले, पण मापे एक नव्हती. प्रत्येक देशाची, किंबहुना प्रत्येक तारायंत्र कंपनीची रोधाची आपापली मापे होती. आपल्याकडे गावोगावचे शेर-मण वेगळे असत, त्यातलाच प्रकार. १८६१ पासून ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने हे काम हाती घेतले आणि १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नावे पक्की झाली. रोधाला ओहम, दाबाला व्होल्ट, प्रवाहाला अँपिअर. पहिला जर्मन, दुसरा इटालियन, तिसरा फ्रेंच. फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. तरीही पॅरिसमध्ये एका जर्मन शाळामास्तराचे नाव साऱ्या जगासाठी मान्य झाले. शक्तीला वॅट हे नाव सीमेन्स यांनी १८८२ मध्ये सुचवले आणि १८८९ मध्ये ते स्वीकारले गेले. कॅव्हेंडिश यांच्या झटक्यांपासून पॅरिसच्या बारशापर्यंत शंभर वर्षे झाली ती अशी.

तांब्याचा खर्च

या हिशेबाचे पहिले मोठे फळ म्हणजे घरोघरी आलेला दिवा. एडिसन यांनी १८७९ मध्ये बल्ब बनवला हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे खरे चातुर्य दिव्याच्या रोधात होते, हे कमी जणांना ठाऊक असते. इतर प्रयोगकर्ते कमी रोधाचे दिवे करत होते. एडिसन आणि त्यांचे गणिती सहकारी अप्टन यांनी हिशेब मांडला. समजा १०० वॅटचा दिवा आहे. तो १० व्होल्टवर चालवला तर प्रवाह १० अँपिअर. दिव्यापर्यंतच्या तारेचा रोध १ ओहम असेल तर तारेतच १०० वॅट वाया जातील, दिव्याइतकेच! तोच दिवा १०० व्होल्टवर चालवला तर प्रवाह १ अँपिअर आणि नासाडी फक्त १ वॅट. प्रवाह दहावा भाग झाला की नासाडी शंभरावा भाग होते. पण १०० व्होल्टवर १ अँपिअरच जायला हवा तर दिव्याचा रोध १०० ओहम पाहिजे. म्हणून त्यांनी बारीक, लांब, जास्त रोधाचा तंतू शोधला. त्यामुळे तांब्याच्या तारा बारीक ठेवता आल्या आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून घरांना वीज मिळू लागली.

हाच वर्गाचा नियम आपल्या सह्याद्रीतही राबला. जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला खोपोलीचा जलविद्युत प्रकल्प १९१५ मध्ये सुरू झाला आणि लोणावळ्याच्या पावसाचे पाणी घाटाखाली पडून मुंबईच्या गिरण्या फिरवू लागले. सुमारे ७० किलोमीटर अंतर पार करताना वीज वाटेतच संपू नये म्हणून दाब फार वाढवायचा आणि प्रवाह कमी ठेवायचा, ही युक्ती ज्यूलच्या बरणीतून आलेली.

आणि आपल्या शहरापुरते सांगायचे तर, कारागिरांच्या मुलांना शास्त्र शिकवावे म्हणून श्रीमंत सयाजीराव महाराजांनी प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या साहाय्याने १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. आज ते विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे, पण आपल्या घरांत अजून ‘कलाभवन’च म्हणतात. ओहम यांना कुलूपवाल्या बापाने गणित शिकवले. इथे ते काम संस्थानने अंगावर घेतले. हातातले कौशल्य आणि डोक्यातला हिशेब एकत्र आला की काय होते, हे दोन्हीकडे दिसते.

मंडपातला हिशेब

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. किती लोड चालेल? ज्या वस्तू लावायच्या त्यांचे वॅट कागदावर लिहा, बेरीज करा, २३० ने भागा. बेरीज २३०० वॅट आली तर प्रवाह १० अँपिअर. (पंखे आणि मोटरी यांच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रवाह याहून थोडा अधिक असतो, म्हणून हात राखून हिशेब करावा. एलईडीला दाब भागिले प्रवाह हा नियम सरळ लागू पडत नाही, पण वॅटची बेरीज तिथेही चालते.)

समजा मीटरपासून मंडप ५० मीटर दूर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून तार १०० मीटर. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या इतक्या तारेचा रोध सुमारे १.७ ओहम. १० अँपिअरला तारेतच १७ व्होल्ट खर्च होतील आणि १७० वॅट उष्णता तारेत निघेल. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ही उष्णता ७० वॅटच्या आत येते. तार मोकळी पसरलेली असेल तर उष्णता हवेत निघून जाते. पण उरलेली तार गुंडाळून सतरंजीखाली सरकवली तर ती तिथेच कोंडते.

याहून महत्त्वाची गोष्ट सांध्याची. दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेला सैल सांधा समजा अर्धा ओहम रोध देतो. १० अँपिअरला तिथे ५० वॅट उष्णता एका बिंदूवर निघते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते आणि तिच्याने शिसे वितळते. आपल्या मंडपात त्या सांध्याशेजारी कापड, थर्माकोल आणि कागदी फुले असतात. संध्याकाळी आणखी दिवे जोडले आणि प्रवाह वाढून १५ अँपिअर झाला, तर तीच उष्णता ११० वॅटच्या पुढे जाते. यात सर्वांत फसवी बाब ही, की १६ अँपिअरचा एमसीबी पडतच नाही. एमसीबी प्रवाह मोजतो, आणि प्रवाह तर त्याच्या मर्यादेत आहे. सांध्यातला रोध त्याला दिसत नाही. तो बघायला माणूसच हवा.

भाद्रपद म्हणजे पावसाचे दिवस. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला अंगातून ०.२३ अँपिअर जाऊ शकतो, म्हणजे २३० मिलिअँपिअर. जीव वाचवणारे आरसीसीबी ३० मिलिअँपिअरलाच लाइन तोडते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की त्या छोट्या डबीची किंमत जास्त वाटणार नाही. कॅव्हेंडिश यांनी झटके मोजूनमापून, बरणीतल्या मर्यादित विजेचे घेतले होते. मंडपाच्या लोखंडी खांबातून येणारा झटका मर्यादा पाळत नाही.

म्हणून आमची मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांना विनंती आहे. वर्गणीचा हिशेब आपण पैशापैशाने लिहितो आणि फलकावर लावतो. तसाच या वर्षीपासून विजेचाही हिशेब लिहू या. कोणत्या लाइनवर किती वॅट, किती अँपिअर, तार किती जाडीची, सांधे कुठे आहेत आणि ते कोणी तपासले, हे एका कागदावर लिहून मुख्य स्विचबोर्डाशेजारी लावू. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घेऊ, पण बेरीज आणि भागाकार मात्र दहावीच्या मुलामुलींकडून करवून घेऊ. पुस्तकात शिकलेले सूत्र आपल्याच बाप्पाचा मंडप राखते हे त्यांनी एकदा पाहिले, की ते पुन्हा विसरणार नाहीत. बुद्धिदात्याची याहून चांगली सेवा आम्हाला तरी सुचत नाही.

गणपती बाप्पा मोरया!